तळापासून दोन बोटं

१

वाचनालयातून पुस्तक चोरीला जाणं ही काही बातमी नव्हे. उभ्या नोकरीत अशी एकही फिर्याद मी लिहून घेतलेली नाही. कुणी आलंच असतं, तर चहा पाजून घरी पाठवलं असतं. पण वरच्या मजल्यावरची नर्स त्या दिवशी ड्यूटीवरून आली ती थेट माझ्या दारात, आणि जिन्यावर धाप लागलेली असतानाच म्हणाली, "मावशी, आईचं पुस्तक गेलं."

मी निवृत्त फौजदार. आसपासचे अजून 'फौजदारबाई' म्हणतात. पेन्शन आणि गुडघेदुखी सोडली तर खात्याकडून मला मिळालेली ही एकच वस्तू. ही पोरगी मात्र मावशी म्हणते, कारण तिच्या आईला मी ताई म्हणायची. ताई जाऊन वर्ष होत आलं.

"बस. नीट सांग," मी म्हटलं.

तिने सांगितलं ते असं. ताई वाचनालयाच्या दिवंगत अध्यक्षांकडे टायपिस्ट होती. अध्यक्षांच्या नावावर या शहराचा एक इतिहास आहे, जाडजूड, मानसन्मान मिळालेला. तो लिहिला ताईने. म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या दारोदार हिंडून माहिती तिने गोळा केली, प्रकरणं तिने पाडली, वाक्यन्‌वाक्य तिचं. कव्हरवर नाव साहेबांचं. पुढे कितीतरी वर्षांनी ताईने हे सगळं आत्मचरित्रात लिहिलं, पदरमोड करून मोजक्या प्रती छापल्या आणि एक वाचनालयाला दिली. कुणी वाचली नाही. खऱ्या पुस्तकांचं बहुधा असंच होतं.

आता वाचनालय नवं सभागृह बांधून बसलं होतं आणि त्याला 'इतिहासकार' अध्यक्षांचं नाव द्यायचं ठरत होतं. नर्सने जाऊन हरकत घेतली. तेव्हा सेक्रेटरी, म्हणजे अध्यक्षांचेच चिरंजीव, हसून म्हणाले, "लिहिलंय म्हणता ना? मग शनिवारच्या बैठकीत पुस्तक आणून दाखवा. दाखवलंत तर नाव थांबवू."

"आणि आज आणायला गेले तर जागेवर नाही. गेल्याच महिन्यात मी तिथं बघितलं होतं, मावशी. हात लावला होता त्याला."

"घरच्या प्रती?"

"वाळवीनं खाल्ल्या म्हणाले अण्णा."

अण्णा म्हणजे तिचे वडील, ताईचा नवरा. ते त्याच वाचनालयात वर्गीकरणाच्या टेबलावरून निवृत्त झाले. कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात जायचं हे ठरवण्यात त्यांचा जन्म गेला.

"तू वाचलंयस का ते?"

ती खाली बघायला लागली. "अर्धं. आई समोर स्वयंपाक करत असताना तिचं आत्मचरित्र कोण शेवटपर्यंत वाचतं?"

२

या वाचनालयाची मी जुनी सभासद, पण रहस्यकथेच्या कपाटापलीकडे कधी गेलेली नाही. माणसं कशी खोटं बोलतात ते नोकरीत बघितलं. निवृत्तीनंतर तेच पण शेवट लागलेलं वाचायला बरं वाटतं.

कपाटांवर पाट्या होत्या. कादंबरी, कथा, नाटक, कविता, चरित्र आणि आत्मचरित्र, प्रवासवर्णन, आणि अगदी कोपऱ्यात, जिन्याखाली, संकीर्ण. ज्याला कुठेच कुणी घेत नाही ते संकीर्णात.

"बाई, तुमचं कपाट तिकडं," ग्रंथपाल म्हणाला. चेहऱ्यावर घाम. तरुण पोरगा, नोकरी अजून कायम झालेली नाही, आणि कायम करणं सेक्रेटरींच्या हातात.

"आज आत्मचरित्र वाचायची लहर आलीय."

मी कप्पा बघितला आणि बघतच राहिले. या इमारतीतली झाडून सगळी पुस्तकं मागे ढकललेली, वाकडी, एकमेकांच्या खांद्यावर पेंगलेली. हा एक कप्पा तेवढा सरळ. प्रत्येक पुस्तक फळीच्या कडेपर्यंत ओढलेलं, मधली फट मिटवलेली, शेवटी लोखंडी आधार नेऊन टेकवलेला.

"हा कप्पा तू लावलास?"

"मी? अहो, मला श्वास घ्यायला वेळ नाही. जुनी कार्डं रद्दीत गेली, नोंदी संगणकावर चढवतोय. कादंबऱ्या चालू आहेत. आत्मचरित्रांना अजून हातही लावला नाही."

"म्हणजे ते पुस्तक इथं होतं याची नोंद कुठंच नाही?"

"नाही," तो इतक्या लगबगीने म्हणाला की मला त्याची कीव आली.

"चुकून दुसऱ्या कपाटात गेलं असेल."

"तसं होत नाही. पाठीवर लेबल असतं ना. कादंबऱ्यांत आत्मचरित्राचं लेबल दिसलं की आमची झाडणारी बाईसुद्धा उचलून जागेवर नेते. खड्यासारखं दिसतं ते."

एवढ्यात सेक्रेटरी आले. वडिलांची खुर्ची आणि वडिलांचं हसू दोन्ही वारशात मिळालेली.

"फौजदारबाई, तुम्हीसुद्धा? अहो, ते पुस्तक पळवायची मला काय गरज? वाचलंय कुणी?" असं म्हणत त्यांनी समोरचं एक चरित्र उपसलं, पानं फडफडवली आणि परत खुपसलं. उलटं. डोकं खाली, पाय वर.

मला मनापासून वाईट वाटलं. गुन्हेगार म्हणून हा माणूस मला फार आवडला असता.

३

अण्णांनी मला स्वयंपाकघरातच बसवलं. लेक ड्यूटीवर होती.

"चहा घ्या, बाई." त्यांचा हात थरथरत होता. बशीत चहा सांडला तो त्यांनी फडक्याने टिपला आणि फडकं घडी घालून खुंटीला लावलं. फळीवर डबे होते. प्रत्येक डब्याला पांढऱ्या कागदाचं लेबल, काळ्या शाईत. साखर, मीठ, रवा. सगळी लेबलं एका ओळीत.

"अण्णा, पट्टी लावून चिकटवता की काय?"

"पट्टी कशाला? तळापासून दोन बोटं." त्यांनी दोन बोटं आडवी करून दाखवली. "मी लागलो तेव्हा जुन्या ग्रंथपालांनी शिकवलं. हात नेहमी सोबत असतो, ते म्हणायचे. ही आताची पोरं छापील स्टिकर लावतात, कुठंही, कसंही."

चहाच्या कपाशेजारी गोळ्यांची बाटली होती. तिच्यावरही लेबल, तळापासून दोन बोटं. फक्त अक्षर वेगळं. म्हणजे वळण तेच, पण प्रत्येक रेघ थरथरलेली.

"ताईच्या चरित्राचं कळलं ना?" मी विचारलं.

"आत्मचरित्र," ते चटकन म्हणाले. "चरित्र दुसऱ्यानं लिहायचं, आत्मचरित्र स्वतः. लोक काहीही म्हणतात. नाटकाला कादंबरी म्हणतात, आठवणींना कथा म्हणतात. कपाट चुकलं की पुस्तक मेलं, बाई. असून नसल्यासारखं."

"कोण नेईल ते?"

"नेणारे नेतात." त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. "तिला सांगा, जाऊ दे म्हणावं. गेलेल्या माणसाचं उकरून काय मिळणार?"

"घरातल्या प्रती वाळवीनं खाल्ल्या म्हणे?"

"हो. त्या दाराजवळच्या कपाटातल्या."

निघताना मी त्या कपाटाचं दार ओढून बघितलं. आत खाली जुनी पंचांगं, वर लेकीच्या शाळेची पुस्तकं, एकाला साधं भोकसुद्धा नाही. मी पुष्कळ वाळवी बघितली आहे. निवडून एकाच लेखिकेला खाणारी नाही बघितली.

४

घरी येऊन मी पाय वर घेऊन बसले आणि विचार करायला लागले.

कप्पा सरळ कुणी केला? चोर हात मारतो आणि पळतो. फट मिटवून ओळ कडेला ओढून घेणं हे पुस्तकांत जन्म काढलेल्या हाताचं काम. मेंदूने नको म्हटलं तरी तो हात ते करतो. सेक्रेटरी सुटले, ते पुस्तक सरळसुद्धा ठेवू शकत नाहीत. ग्रंथपाल सुटला, त्याच्या हातात ही सवय असती तर बाकीची कपाटं अशी झोपलेली नसती.

पुढचा प्रश्न. असा माणूस पुस्तकाचं काय करील? घरातल्या प्रती त्याच्या, त्या तो संपवील. पण वाचनालयाचा शिक्का बसलेलं पुस्तक? ते जाळायचं, फाडायचं म्हटलं तर त्याला कापरं भरेल. ते वाचनालयातच राहणार. पण नुसतं दुसऱ्या कपाटात ठेवलं तर लेबल चुगली करणार, पोरगा म्हणालाच होता. म्हणजे लेबल बदलायला हवं.

बदलून काय करायचं? ताईचं पुस्तक नाटक म्हणून खपणार नाही, संवाद नाहीत. कविता म्हणून तर नाहीच. पण एक बाई 'मी' म्हणून आपली हकीकत सांगते, त्यात साहेब आहे, कचेरी आहे, नवरा आहे. असल्या पुस्तकावर कादंबरी लिहिलं तर कोण कशाला थांबून विचारील? शिवाय कादंबऱ्याच सध्या संगणकावर चढत होत्या. एकदा चढली की कायमची कादंबरी.

मी दुसऱ्या दिवशी वाचनालय उघडताच गेले. कादंबऱ्यांची कपाटं भिंतभर. दुसरा कुणी असता तर जाड ठोकळ्यांच्या मागे कोंबून मोकळा झाला असता आणि मला आठवडा लागला असता. मी सरळ ताईच्या आडनावाच्या अक्षराशी गेले.

तिथेच होतं. आधीच्या आणि नंतरच्या लेखकाच्या बरोबर मध्ये, तसूभर इकडे नाही की तिकडे नाही. लेबल खोटं आणि जागा खरी. चुकीच्या जागी पुस्तक ठेवणं त्या माणसाला जमलंच नव्हतं.

शेजारच्या जुन्या पुस्तकांवर त्याच हाताची लेबलं होती, पिवळी, कोपरे झिजलेले, अक्षर ठाम. ताईच्या पुस्तकावरचं लेबलही तळापासून दोन बोटं. कागद जुन्याच गठ्ठ्यातला, पिवळट. पण कोपरे धारदार, आणि 'कादंबरी' या शब्दातली प्रत्येक रेघ गोळ्यांच्या बाटलीसारखी थरथरलेली.

कुणी केलं ते कळलं. का केलं ते पुस्तकात असणार होतं. लेकीने जे अर्धं वाचलं नव्हतं त्यात.

५

मी वाचनकक्षात बसून ते अर्धं वाचून काढलं. ताईने कुठेही आवाज चढवला नव्हता. ती लिहिते:

'इतिहास छापून आला त्या दिवशी मी घरी येऊन ह्यांना म्हटलं, उद्या मी वर्तमानपत्रात सांगणार. हे म्हणाले, गप्प बस, माझं साहेबांशी बोलणं झालंय. काय बोलणं झालं ते मला पुढच्या महिन्यात कळलं. ह्यांना वाचनालयात कायमची नोकरी लागली. मला कुणी विचारलं नव्हतं. माझं पुस्तक माझ्या नवऱ्याने देऊन टाकलं, आणि त्याच्याबदल्यात जन्मभर इतरांची पुस्तकं जागच्या जागी लावली.'

मी संध्याकाळी पुस्तक घेऊन वर गेले. लेकीला गॅलरीत बोलावलं आणि ते पान उघडून दिलं. "आधी हे वाच. मग शनिवारचं ठरव. न्यायचं नसेल तर मी आजच कादंबरीत परत ठेवून येते आणि तोंड मिटते."

तिने उभ्यानेच वाचलं. पुन्हा वाचलं. आत अण्णांचा रेडिओ चालू होता.

"आई हे मला म्हणाली का नाही?"

"म्हणाली की. छापून म्हणाली. तू अर्ध्यावर ठेवलंस."

लागेल असंच बोलले, आणि लागलं. तिने पुस्तक मिटून काखेत धरलं. मग डोळे पुसून म्हणाली, "न्यायचं."

आम्ही आत गेलो. मी पुस्तक अण्णांसमोर ठेवलं. त्यांनी लेबलाकडे बघितलं आणि रेडिओ बंद केला.

"सापडणार हे माहीत होतं," ते म्हणाले. "जरा वेडंवाकडं कुठंतरी ठेवलं असतं तर..."

"का केलंत, अण्णा?" लेकीने विचारलं. "साहेबांना वाचवायला?"

"साहेब गेले खड्ड्यात! साहेबांसाठी मी काडी हलवली नसती." पहिल्यांदाच ते जोरात बोलले. "बैठकीत पुस्तक गेलं असतं तर सगळ्यांनी वाचलं असतं. तू वाचलं असतंस. आत्मचरित्रात असलो तर मी बायकोला विकणारा माणूस. कादंबरीत असलो तर नुसतं एक पात्र. कादंबऱ्यांतले नवरे असेच असतात, त्यांना कुणी जाब विचारत नाही."

मग मीच म्हटलं, "शनिवारी तुम्ही यायचं. लेबल बदललं हे चारचौघांत सांगायचं. एवढं ताईसाठी करा."

"सांगीन," अण्णा म्हणाले. मी विश्वास ठेवला. इतकी वर्षं जबाब घेऊनही मी विश्वास ठेवला.

६

बैठक नव्या सभागृहात होती. भिंतीला ओल्या रंगाचा वास, आणि दारावर नावासाठी सोडलेली मोकळी जागा. नर्सने पुस्तक टेबलावर ठेवलं. सेक्रेटरींनी ते हातात घेऊन पाठ बघितली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अहो, पण ही तर कादंबरी आहे! बघा, लेबल आहे. आणि कादंबरीत काय, कुणी काहीही लिहितं. ग्रंथपाल, कुठं होतं हे?"

"कादंबऱ्यांत," ग्रंथपाल पुटपुटला.

"लेबल अण्णांनीच लिहिलंय," मी म्हटलं. "ते समोर बसलेत. विचारा त्यांना."

अण्णा उठले. काठीवर दोन्ही हात ठेवले. लेकीकडे बघितलं नाही.

"मी या वाचनालयाचा वर्गीकरणकार होतो," ते म्हणाले. "हे लिहिणारीचा नवराही होतो. ही कादंबरी आहे."

शेजारी बसलेली पोरगी उठायला लागली, मी तिला हात धरून बसवलं.

"चहाची किटली आणा," मी म्हटलं.

"आता चहा?" सेक्रेटरी हसले.

"चहा तुम्ही घ्या. मला वाफ हवी."

किटलीच्या तोटीपाशी मी पुस्तकाची पाठ धरली. लेबल खळीने चिकटवलेलं, जुन्या पद्धतीचं, वाफेने खळ सुटते. अण्णा मध्येच एक पाऊल पुढे आले आणि थांबले. त्यांना ठाऊक होतं खाली काय आहे. ते खरवडून काढलं असतं तर कापड फाटलं असतं, आणि पुस्तकाचं कापड फाडणं त्या हातांना जमलं नसतं. म्हणून त्यांनी फक्त झाकलं होतं.

वरचा कागद सुटला. खाली दुसरं लेबल होतं, पिवळं, कोपरे झिजलेलं, अक्षर ठाम. आत्मचरित्र. तळापासून दोन बोटं.

"हे पुस्तक वाचनालयात आलं त्या दिवशी अण्णांनी ते वाचलं," मी म्हटलं. "वाचल्याशिवाय ते लेबल लावत नसत. स्वतःबद्दलचं ते पानही त्यांनी वाचलं असणार, आणि तरी त्यांनी हेच लिहिलं. घरात ते काय होते ते होते. टेबलावर त्यांना खोटं लिहिता आलं नाही. आता आलं. बघा, हात थरथरलाय तो."

अण्णा खाली बसले. नाही म्हणाले नाहीत.

गोष्टीत इथे गुन्हेगार कोसळतो आणि सत्याचा विजय होतो. सेक्रेटरींनी दोन्ही लेबलं शेजारी ठेवली, चष्मा पुसला आणि सभासदांकडे बघितलं.

"म्हणजे एकाच तज्ज्ञाची दोन मतं आहेत. वाद आहे म्हणायचा. वाद असलेलं पुस्तक पुरावा कसं धरणार? मी सुचवतो, तूर्त संकीर्णमध्ये ठेवावं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणाचंच वाकडं होत नव्हतं. ग्रंथपालाने छापील स्टिकर आणला आणि ताईच्या पुस्तकावर लावला, वरच्या बाजूला, तिरका. मग सेक्रेटरींनी पुढचा विषय घेतला. अध्यक्षांचं नाव कुठल्या धातूत करायचं यावर चर्चा झाली, पितळेचं ठरलं.

आम्ही तिघं परत आलो. जिन्यात अण्णांना धाप लागली तेव्हा लेकीने त्यांचा दंड धरला, पेशंटचा धरतात तसा, घट्ट आणि माया नसलेला. घरात नेऊन बसवलं, गोळी दिली, पाणी दिलं. मी दारात उभी होते.

अण्णांनी पेला खाली ठेवला. "आता तू लिहिशील माझ्याबद्दल," ते म्हणाले. "मी गेल्यावर. काय लिहिशील?"

तिने पेला उचलला, विसळला, फळीवर जागच्या जागी ठेवला.

"काही नाही, अण्णा," ती म्हणाली. "आईने लिहून ठेवलंय."